कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (इ.स. १६६९ – ४ जुलै १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल होते. छत्रपती राजाराम, महाराणी ताराबाई आणि छत्रपती शाहू अशा तीन कारकिर्दींत त्यांनी कोकणच्या किनाऱ्याचे रक्षण केले. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी या चारही सत्तांशी त्यांनी झुंज दिली, आणि हयातीत त्यांच्या मुख्य सागरी ठाण्यांपैकी एकही शत्रूला जिंकता आले नाही. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख बहुधा चाचा म्हणून येतो. मराठी कागदपत्रांत ते राज्याचे सनदी अधिकारी आहेत. या दोन नोंदींतील तफावत हाच त्यांच्या चरित्राचा गाभा आहे.

पूर्वज आणि बालपण

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. मावळातील आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झाले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. आईचे नाव अंबाबाई. कान्होजींचे बालपण हर्णैच्या परिसरात, एका जोशी कुटुंबाच्या घरी गेले असे सांगितले जाते. या भागात समुद्र अंगणापर्यंत येतो. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि दालदी या दर्यावर्दी समाजांत वावरल्याने वारा, भरती-ओहोटी आणि खडक यांचे ज्ञान त्यांना कोवळ्या वयातच मिळाले असावे. पुढे त्यांच्या आरमारावर याच समाजांतील माणसे होती.

सुवर्णदुर्गाचा प्रसंग

छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला. घराण्याच्या परंपरेप्रमाणे, किल्लेदार अचलोजी मोहिते शत्रूशी संधान बांधून किल्ला देण्याच्या विचारात होता. तरुण कान्होजींनी इतर शिबंदीला आपल्या बाजूस वळवून किल्लेदाराला कैद केले आणि स्वतः किल्ला लढवला. वेढ्याच्या काळात बाहेर पडून केलेल्या एका हल्ल्यात ते सिद्दीच्या हाती सापडले, पण निसटून, पाण्यातून पोहत ते पुन्हा किल्ल्यात परतले. वेढा उठला. या कथेतील तपशिलावर परंपरेचा रंग चढलेला आहे हे उघड असले, तरी सुवर्णदुर्ग मराठ्यांकडे राहिला आणि त्यानंतर कान्होजींचे नाव दरबारात पोहोचले, एवढे निश्चित आहे.

सरखेलपद

रायगड पडल्यावर राजाराम महाराज जिंजीला गेले आणि कोकणपट्टीवर मोगलांचा व सिद्दीचा दाब वाढला. आरमाराची धुरा तेव्हा सिधोजी गुजर यांच्याकडे होती. इ.स. १६९८मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ती कान्होजींकडे आली आणि त्यांना सरखेल हा किताब मिळाला. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे बनले. शिवाजी महाराजांनी इ.स. १६८०मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर खडकावर उभा आहे; ओहोटीला तेथे पायी जाता येते, भरतीला तो बेट होतो. मुंबई बंदरातून दक्षिणेकडे जाणारे प्रत्येक जहाज या किल्ल्याच्या दृष्टिपथातून जात असे. जवळच खांदेरी बेट होते, आणि त्यावरही कान्होजींचा ताबा होता. मुंबईच्या इंग्रजांना दाराशीच बसलेल्या या सत्तेचा त्रास का वाटला असेल, हे नकाशाकडे पाहिले तरी कळते.

गुराब, गलबत आणि पाठीवरचा वारा

कान्होजींच्या यशाचे श्रेय पुष्कळदा केवळ शौर्याला दिले जाते. शौर्य होतेच; पण त्यांच्या जहाजांची बांधणी आणि ती वापरण्याची रीत यांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

आरमाराचा कणा म्हणजे गुराब. ती बहुधा दोन डोलकाठ्यांची असे, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांच्या गुराबा सुमारे १५० टनांपर्यंतच्या, तर तीन डोलकाठ्यांच्या सुमारे ३०० टनांच्या असत. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, बूड उथळ, आणि मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी अशी तिची घडण होती. तिचे वैशिष्ट्य नाळेत होते. युरोपीय जहाजांची गोलसर, उंच नाळ तिला नव्हती. त्याऐवजी भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे एक लांब, चोच काढल्यासारखा भाग पुढे झेपावलेला असे. या भागावर मजबूत फळ्यांची तक्तपोशी असे, पण तिला बाजूचे कठडे नसत. समोरून येणाऱ्या लाटांत गुराब जोराने डुबक्या मारी, आणि नाळेवर आदळलेले पाणी अडून न राहता दोन्ही बाजूंनी वाहून जावे म्हणून ती जागा उघडी ठेवत. नाळ आणि मुख्य तक्तपोशी यांच्यामध्ये लाकडी आडभिंत असे. तिच्यातील झरोक्यांतून दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या, सरळ पुढच्या दिशेने रोखलेल्या असत आणि नाळेवरून मारा करत. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या, सहा ते नऊ पौंडी असत.

गलबत हे गुराबेसारखेच, पण लहान. सर्वांत मोठे गलबतही सहसा ७० टनांहून अधिक नसे. त्याला दोन डोलकाठ्या असत आणि मागची अगदी हलकी असे. मुख्य डोलकाठीवर एकच त्रिकोणी, पण फार मोठे शीड असे. ते उभारले की त्याचे टोक डोलकाठीच्याही वर चढे. वजन कमी ठेवण्यासाठी लहान गलबतांची तक्तपोशी चिरलेल्या बांबूंची करत आणि कठड्यावर फिरत्या लहान तोफा बसवत. मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत. चाळीस-पन्नास वल्ही मारली की वारा नसतानाही ते तासाला सुमारे चार मैल चाले.

वारा मागून असेल तेव्हा या जहाजांचा खरा गुण दिसे. शिडाच्या जहाजाला मागचा वारा सर्वांत सोपा वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. मागचे शीड पुढच्या शिडाचा वारा अडवते आणि पुढचे शीड लुळे पडते. जगभरच्या नौकाबांधणीने या प्रश्नावर निरनिराळे उपाय काढले. युरोपीय जहाजांच्या नाळेतून पुढे तिरकी निघणारी काठी पुढच्या डोलकाठीचे दोर ताणून धरी आणि काही शिडे थेट नाळेच्या पुढे, मोकळ्या हवेत नेई. आजच्या शर्यतीच्या नौकांवरही नाळेपुढे अशीच काठी बसवतात. मोठे फुगीर शीड तिच्या टोकाला बांधले की ते मुख्य शिडाच्या आडोशाबाहेर जाते आणि वाऱ्याबरोबर धावताना वेग वाढतो. गुराबेची लांब नाळ प्रामुख्याने तोफांसाठी होती. तिचा हेतू हाच होता असे म्हणता येणार नाही. गलबतावरचे उपाय मात्र वेगळ्या दिशेने जाणारे होते. तेथे एकच प्रचंड शीड आणि अगदी किरकोळ मागची डोलकाठी असल्याने एका शिडाने दुसऱ्याचा वारा खाण्याचा प्रश्नच जवळजवळ उरत नसे. उथळ बूड, हलकी तक्तपोशी आणि उंच चढलेले शीड यांमुळे मागून वारा असता ही जहाजे वेगाने धावत.

याची किंमतही होती. समोरून लाटा असताना गुराब डळमळे, तिची नाळ पाण्यात जाई आणि पुढच्या तोफा निरुपयोगी होत. म्हणून कान्होजींचे आरमार वाऱ्याविरुद्ध जाऊन लढाई शोधत नसे. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते एखाद्या खाडीत किंवा किल्ल्याच्या आडोशाला थांबत. सावज दिसले की दोर सोडून ती समुद्रात निघत. वारा पडलेला असेल तर गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या बाजूला त्याच्या तोफांच्या रांगा असतात, म्हणून ती त्याच्या मागे गोळा होत आणि नाळेवरच्या तोफांनी आधी डोलकाठ्यांवर व शिडांच्या दोरांवर मारा करत. शिडे निकामी झाली की मोठे जहाज नुसते तरंगत राही. मग गलबतांतून माणसे तलवारी घेऊन त्यावर चढत. सामना बिनसला तर उथळ खाडीत शिरायचे. खोल बुडाचे युरोपीय जहाज तेथे पाठलाग करू शकत नसे.

किनाऱ्याचे वारेही या रीतीला अनुकूल होते. पावसाळ्यात समुद्र बंद असे. नारळी पौर्णिमेनंतर तो खुला होई आणि पुढचे आठ महिने दिवसा समुद्रावरून, विशेषतः वायव्येकडून, तर रात्री व पहाटे जमिनीवरून वारा वाहे. पहाटेच्या वाऱ्यावर खाडीबाहेर पडायचे आणि दिवसाच्या वाऱ्यावर दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजांना गाठायचे, हे कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला ठाऊक असलेले गणित होते. कान्होजींनी ते आरमाराच्या पातळीवर वापरले.

जहाजांच्या दुरुस्तीसाठी खाड्यांमध्ये जागा होत्या. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत खडकात कोरलेली एक गोदी आजही पाहायला मिळते. तिची लांबी सुमारे १०९ मीटर आणि रुंदी सुमारे ६९ मीटर असून ती आंग्र्यांच्या काळातील मानली जाते. कान्होजींच्या पदरी काही युरोपीय गोलंदाज व खलाशीही होते, आणि पकडलेली परदेशी जहाजे डागडुजी करून आरमारात घेतली जात.

दस्तकाचा प्रश्न

पोर्तुगीज दोन शतके हिंदी व्यापाऱ्यांना परवाना घेतल्याशिवाय समुद्रात फिरू देत नव्हते. मराठ्यांनीही आपल्या किनाऱ्यापुढे दस्तक सुरू केला: सरखेलाचा परवाना घ्या, शुल्क भरा आणि निर्धास्त जा. दस्तक नसलेले जहाज पकडले जाई. इंग्रजांचा आक्षेप तत्त्वावर होता असे म्हणवत नाही, कारण ते स्वतःही परवाने देत होते. वादाचा मुद्दा निराळा होता. मुंबईचे हिंदी व्यापारी आपल्या जहाजांवर इंग्रज निशाण लावत आणि कंपनीचा परवाना दाखवत. कान्होजींचे म्हणणे असे की कंपनीची जहाजे वेगळी आणि कंपनीच्या आडोशाने फिरणारा इतरांचा माल वेगळा. इंग्रजांना हा भेद मान्य नव्हता. पुढच्या बहुतेक लढाया या एकाच मतभेदातून निघाल्या.

इ.स. १७१२च्या नोव्हेंबरमध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याचे सशस्त्र जहाज कारवारजवळ पकडले. लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कुलाब्यावर कैदेत राहिली. पुढील फेब्रुवारीत ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले, आणि कंपनीशी एक करार झाला. तो फार काळ टिकला नाही.

शाहू महाराजांशी तह

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर इ.स. १७०७मध्ये शाहू महाराज सुटून आले आणि गादीसाठी ताराबाईंशी संघर्ष सुरू झाला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला राहिले. इ.स. १७१३मध्ये शाहू महाराजांनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. कान्होजींनी पेशव्यालाच पकडून लोहगडावर कैदेत ठेवले. सातारा आता त्यांच्या टप्प्यात आले होते.

या प्रसंगी शाहू महाराजांनी तलवारीऐवजी बाळाजी विश्वनाथ यांना पुढे केले. नोव्हेंबर १७१३मध्ये त्यांना पेशवाई मिळाली. बाळाजी हे श्रीवर्धनचे, सिद्दीच्या मुलखातले. कोकणातील राजकारण आणि कान्होजींचा स्वभाव त्यांना जवळून माहीत होता. इ.स. १७१४च्या आरंभी लोणावळ्याजवळ वळवण येथे दोघांची भेट झाली. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानले, पिंगळ्यांना सोडले आणि घाटावरील काही ठाणी परत केली. बदल्यात त्यांचे सरखेलपद कायम झाले आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसह दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. या तहामुळे मराठी राज्याच्या पश्चिम किनाऱ्याची चिंता मिटली आणि पुढे पेशव्यांना उत्तरेकडे पाहता आले. त्याची दुसरी बाजू अशी की आरमार एका घराण्याच्या जहागिरीसारखे झाले. तिचे परिणाम चाळीस वर्षांनी दिसले.

इंग्रजांच्या मोहिमा

इ.स. १७१५च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने शहराभोवती तट बांधला, नवी लढाऊ जहाजे बांधवली आणि आंग्र्यांचा बंदोबस्त हे आपल्या कारकिर्दीचे काम मानले. इ.स. १७१७मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला. तट उंच निघाला आणि चढाईसाठी आणलेल्या शिड्या तोकड्या पडल्या, असे या मोहिमांचा साक्षीदार क्लेमंट डाउनिंग याच्या वृत्तान्तावरून दिसते. नोव्हेंबर १७१८मध्ये खांदेरीवर चाल झाली. खडकाळ किनाऱ्यावर उतरलेल्या तुकड्यांना माघार घ्यावी लागली. इ.स. १७२०मध्ये इंग्रजांनी फ्राम नावाचा जाड भिंतींचा, सपाट बुडाचा तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्ग गाठला. किनारी पाण्यात मराठ्यांची चपळ गलबते आणि समोर हा अवजड तराफा, असा तो सामना होता. फ्रामचा उपयोग झाला नाही.

सर्वांत मोठा हल्ला इ.स. १७२१च्या डिसेंबरमध्ये कुलाब्यावर झाला. इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज आला होता. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉयही फौजेसह सामील झाला. दोन्ही मिळून सुमारे सहा हजार माणसे अलिबागच्या किनाऱ्यावर उतरली. शाहू महाराजांनी मदतीला घोडदळ पाठवले; पेशवा बाजीराव आणि पिलाजी जाधव यांची पथके किनाऱ्याजवळ पोहोचली. इंग्रजांनी घाईने केलेला हल्ला फसला आणि मराठ्यांच्या घोडदळापुढे पोर्तुगीज तुकड्या पांगल्या. संतापलेल्या मॅथ्यूजने पोर्तुगीज सेनापतीवर छडी उगारली, असे वर्णन इंग्रज वृत्तान्तातच आहे. जानेवारी १७२२मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज एकटे पडले. त्याच महिन्यात बून हिंदुस्थान सोडून गेला. इ.स. १७२४मध्ये डचांनी विजयदुर्गावर आरमार पाठवले, तेही परतले.

त्यानंतर कान्होजी आणि गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्यात तहाविषयी पत्रव्यवहार झाला. कान्होजींच्या पत्राचा सूर विनवणीचा नाही. व्यापाऱ्यांच्या लोभाला आणि करार मोडण्याच्या सवयीला त्यांनी बोल लावला आहे. फिप्सचे उत्तर तितकेच तिखट होते. तह झाला नाही, पण कैद्यांच्या अदलाबदलीविषयी बोलणी झाली आणि मोठी लढाईही पुन्हा झाली नाही.

कारभार

कुलाब्यासमोर किनाऱ्यावर अलिबागची वस्ती वाढली. इ.स. १७२०मध्ये कान्होजींनी तेथे काळ्या दगडाचा हिराकोट बांधला; त्यांचा खजिना तेथे असे. अलिबागी रुपया हे चांदीचे नाणेही त्यांच्याच नावाशी जोडले जाते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींशी त्यांचे संबंध कधी स्नेहाचे, कधी कुरबुरीचे राहिले. इ.स. १७२७मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाची नासधूस केली, तेव्हा लुटलेली मालमत्ता परत मिळवण्याच्या खटपटीत कान्होजी होते. जंजिरा मात्र त्यांना कधीच घेता आला नाही. त्यांच्या आधी शिवाजी व संभाजी महाराजांनाही तो मिळाला नव्हता.

मृत्यू आणि नंतरचा काळ

४ जुलै १७२९ रोजी, ऐन पावसाळ्यात समुद्र बंद असताना, कान्होजींचे निधन झाले. अलिबाग येथील छत्रीबागेत त्यांची समाधी आहे. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी असे त्यांना सहा पुत्र होते. सेखोजी सरखेल झाले, पण इ.स. १७३३मध्ये वारले, आणि भावांत फूट पडली. कुलाबा मानाजीकडे, तर सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजीकडे आणि पुढे तुळाजीकडे गेले. तुळाजीचे पेशव्यांशी बिनसले आणि नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. इ.स. १७५५मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा एक पेटता गोळा आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या जहाजावर पडला. एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबा आणि गलबते एकापाठोपाठ पेटली आणि आरमार बंदरातच जळाले. कुलाब्याचे आंग्रे संस्थान इ.स. १८४०मध्ये कंपनीने खालसा केले.

स्मारके

मुंबईतील नौदलाच्या तळाला इ.स. १९५१मध्ये आयएनएस आंग्रे हे नाव देण्यात आले. ज्या शहरातील इंग्रजांशी कान्होजींनी झुंज दिली त्या शहरातील नौदलाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९९९मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. खांदेरी बेटाला आता कान्होजी आंग्रे बेट असे अधिकृत नाव असून तेथील दीपस्तंभही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारी जहाजे रात्री त्याच्या उजेडावरून मार्ग ठरवतात.